मॅन्युअल फोर बाय फोर आणि तिचे गिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेल्हे, भोर, मुळशी या पट्ट्यातल्या कच्च्या वाटांवर मी गेली काही वर्षं लोकांना फोर बाय फोर चालवायला शिकवतो. नवी थार, जिम्नी किंवा गुरखा घेतलेले बरेच जण येतात, तशी शेतावरची जुनी जीप पुन्हा रस्त्यावर आणू पाहणारेही येतात. शिकून गेल्यावर त्यांचे प्रश्न येत राहतात आणि बहुतेक तेच ते असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं मॅन्युअल गिअरच्या आणि पार्ट-टाइम फोर बाय फोर गाड्यांसाठी आहेत, म्हणजे एरवी मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या आणि हवं तेव्हा पुढची चाकं जोडता येणाऱ्या गाड्यांसाठी. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळं काही सांगितलं असेल, तर पुस्तिकेचंच ऐका.

१. गाडीत गिअरचे दोन दांडे कशाला? दुसऱ्या छोट्या दांड्याचं काम काय?

मोठा दांडा नेहमीच्या गिअरबॉक्सचा असतो. छोटा दांडा गिअरबॉक्सला लागून बसवलेल्या ट्रान्सफर केसचा. गिअरबॉक्समधून आलेली ताकद फक्त मागच्या चाकांना द्यायची की पुढच्यांनाही, आणि आहे तशी द्यायची (हाय) की आणखी एका छोट्या गिअरमधून काढून द्यायची (लो), हे ट्रान्सफर केस ठरवते. जुन्या विलीज जीपला यासाठी दोन वेगळे छोटे दांडे होते, एक पुढचा एक्सल जोडायला आणि एक हाय-लोसाठी. म्हणजे मोठा धरून एकूण तीन. आता हे काम एकाच दांड्यावर होतं, आणि २०२४च्या गुरखामध्ये तर दांडा जाऊन फिरवायचं बटण आलं आहे. आत चालतं ते तेच.

२. टू हाय, फोर हाय, फोर लो यातलं कधी काय वापरायचं?

डांबरी किंवा सिमेंटचा रस्ता असेल तर टू हाय. मुरमाचा कच्चा रस्ता, ओलं गवत, चाक घसरेल असं वाटणारी पण वेगाने जाता येणारी वाट असेल तर फोर हाय. उभा चढ, उभा उतार, दगड, खोल चिखल, ओढा, किंवा जिथे माणूस चालतो त्याहून हळू जायचं आहे अशी कुठलीही जागा आली की फोर लो.

लोकांची चूक होते ती उशीर करण्यात. अडकल्यावर फोर लो आठवतो. तोवर मागच्या चाकांनी खड्डा खणलेला असतो आणि गाडीचं पोट जमिनीला टेकलेलं असतं. अवघड जागा समोर दिसली की तिच्या अलीकडेच थांबा, दांडा टाका, मग पुढे जा.

३. फोर लो टाकलं की गाडीची ताकद वाढते, बरोबर ना?

चाकावरचा जोर वाढतो, पण मी शिकवताना आधी वेगाबद्दलच बोलतो, कारण लोचा खरा उपयोग गाडी सावकाश नेता येण्यात आहे. आकडे घेऊन बघू. मॅन्युअल जिम्नीचा पहिला गिअर ४.४२५, लोचं प्रमाण २.००२ आणि दोन्ही बाजूंच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलचं ४.०९ आहे. तिन्हींचा गुणाकार साधारण ३६ येतो, म्हणजे इंजिनाच्या ३६ फेऱ्यांत चाकाची एक फेरी. रेस न देता इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर पहिल्या लोमध्ये गाडी ताशी ३ किलोमीटरच्याही आत चालते. हायमध्ये तोच पहिला गिअर तिला ताशी पावणेसहा किलोमीटरने नेतो. थारचं लोचं प्रमाण २.४८ आहे, त्यामुळे तिथे हा फरक आणखी मोठा.

तीन आणि सहा किलोमीटरमधला फरक रस्त्यावर कोणाच्या लक्षातही येणार नाही. दगडांवर मात्र सगळा खेळ त्यातच असतो. समोर गुडघ्याएवढा दगड आहे आणि पुढचं चाक त्यावर चढवायचं आहे. ताशी सहाने गेलात तर गाडी दगडावर आदळते, चाक उडतं, तुम्ही घाबरून क्लच दाबता, गाडी मागे येते. ताशी तीनने गेलात तर टायर दगडाला टेकतो, किंचित दबतो, धरतो आणि चढतो. तुमचे पाय तेव्हा नुसते जमिनीवर असले तरी चालतं. ज्याला हे एकदा जमलं त्याचा क्लचवरचा पाय आपोआप निघतो, आणि प्रश्न ६ त्याला विचारावाच लागत नाही.

४. फोर लो टाकताना कर्रर्र असा आवाज येतो, कधीकधी दांडा जातच नाही. ट्रान्सफर केस बिघडली का?

बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. गाडी जास्त वेगात असताना दांडा टाकला की आतले दात एकमेकांवर घासतात, तो तो आवाज. गाडी पूर्ण थांबवा, क्लच पूर्ण दाबा, मोठा दांडा न्यूट्रलला घ्या, आणि छोटा दांडा एका दमात पण जोर न लावता लोमध्ये न्या.

गाडी थांबलेली असूनही जात नसेल, तर दाताला दात लागले आहेत, खाच समोर आलेली नाही. अशा वेळी दांड्याशी मारामारी करू नका. क्लच सोडा, पहिल्या गिअरमध्ये गाडी हातभर पुढे घ्या, पुन्हा थांबा आणि पुन्हा प्रयत्न करा. काही गाड्यांत चाकं जेमतेम फिरत असताना, म्हणजे ताशी दोन-तीन किलोमीटरला, दांडा अलगद बसतो. टू हायमधून फोर हाय मात्र आताच्या बऱ्याच गाड्यांत चालत्या गाडीतही टाकता येतं. अट इतकीच की गाडी सरळ जात असावी, चाकं घसरत नसावीत आणि वेग पुस्तिकेतल्या मर्यादेत असावा.

५. लोमध्ये कितव्या गिअरने निघायचं? आणि लोमध्ये असताना गिअर बदलता येतात का?

येतात, नेहमीसारखेच. दगड आणि उभा उतार असेल तर पहिला. चिखल, ओढा, साधा चढ यांना बहुतेक वेळा दुसरा. सपाट कच्च्या वाटेवर दुसऱ्यानेच निघा, कारण पहिल्या लोमध्ये गाडी चार हात जाते ना जाते तोच इंजिन ओरडायला लागतं.

अवघड जागेच्या मधोमध मात्र गिअर बदलू नका. बदलताना क्षणभर क्लच दाबला जातो, तेवढ्यात चिखलात गाडी थांबते आणि उतारावर ती मोकळी सुटते. गिअर आधी ठरवा, टाका, आणि पलीकडे पोहोचेपर्यंत तोच ठेवा.

६. चढावर जळका वास येतो. क्लच गेला का? तो वाचवायचा कसा?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

क्लच प्लेट एकतर पूर्ण चिकटलेली असावी किंवा पूर्ण सुटलेली. मधली अवस्था, ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो, निघताना एखाद-दोन सेकंद ठीक असते. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर गाडी तोलायची सवय लागलेली असते आणि लोक तीच सवय डोंगरात घेऊन येतात. इथे चढ उभा, वेग नाही, इंजिन जोरात, आणि सगळी घसट त्या एका प्लेटवर. पाच मिनिटांतही ती प्लेट कायमची खराब होऊ शकते.

गेल्या पावसाळ्यात एका गडाच्या पायथ्याजवळच्या वाटेवर एक जण गाडी घेऊन चढत होते. फोर हाय, पहिला गिअर, पाय क्लचवर अर्धा. प्रत्येक दगडाला क्लच दाबायचे, रेस वाढवायचे, सोडायचे. तिसऱ्या वळणावर तो वास आला. जळक्या ब्रेक लायनरसारखा, नाकात बसणारा. बोनेटच्या फटीतून थोडा धूर. थांबायला सांगितलं. वीस मिनिटं इंजिन न्यूट्रलवर चालू ठेवून थांबलो, पेडलला कोणी हात लावला ना पाय. नंतर त्यांना फोर लो टाकायला लावलं, पहिला गिअर, दोन्ही पाय पेडलवरून खाली. गाडी तीच वाट रेस न देता चढून गेली. ते गृहस्थ वरती पोहोचल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मग मी इतका वेळ करत काय होतो?"

वास आला तर हेच करा: सुरक्षित जागी थांबा, हँडब्रेक लावा, न्यूट्रल करा, क्लच पूर्ण सोडा, इंजिन चालू राहू द्या. गिअर टाकून क्लच दाबून बसणं म्हणजे विश्रांती नाही. थंड झाल्यावर गाडी आधीसारखी ओढत असेल तर बहुधा वाचलात. पण रेस वाढली आणि वेग वाढला नाही, तर प्लेट घसरते आहे. तिथूनच सपाट वाटेने घरी फिरा.

७. चढावर अर्ध्यात गाडी बंद पडली तर काय करायचं? मागे घरंगळण्याची भीती वाटते.

भीती रास्त आहे. डोंगरातले पलटी होण्याचे प्रकार बरेचदा इथूनच सुरू होतात. क्रम पाठ करा, आणि आधी छोट्या चढावर तो करून बघा.

गाडी बंद पडली त्या क्षणी क्लच दाबू नका. इंजिन बंद असलं तरी गिअर टाकलेला आहे, तोच गाडीला धरून ठेवतोय. पाय ब्रेकवर, घट्ट. हँडब्रेक वर. इंजिन बंद असताना ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांपुरताच उरलेला असतो, म्हणून ब्रेक सारखा सोडून-दाबू नका, धरूनच ठेवा. स्टिअरिंगही जड झालेलं असेल.

आता ब्रेक धरून क्लच दाबा, रिव्हर्स गिअर टाका, क्लच पूर्ण सोडा. गाडी आता रिव्हर्सच्या गिअरवर उभी आहे. मागे वळून वाट बघा, चाकं सरळ करा, शक्य असेल तर एक माणूस खाली उतरवून बाजूला उभा करा. मागे मात्र कुणी नको.

मग इंजिन चालू करा. जुन्या गाड्यांत क्लच न दाबता, गिअरमध्येच चावी फिरवता येते. इंजिन धडधडत चालू होतं आणि गाडी लगेच रिव्हर्सच्या इंजिन ब्रेकिंगवर, म्हणजे गिअरमधून इंजिनच तिला रोखून धरत असताना, हळू उतरायला लागते. नव्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय चालू होत नाहीत. तिथे ब्रेक आणि क्लच दाबून चालू करा, क्लच हळू सोडत तो धरतो तिथवर आणा, त्याच वेळी ब्रेक आणि हँडब्रेक सैल करा आणि क्लच लगेच पूर्ण सोडून द्या. त्यानंतर पेडलना शक्यतो शिवायचं नाही. पहिल्या लोसारखाच रिव्हर्स लोही गाडी धरून आणतो.

दोन गोष्टी काही झालं तरी करायच्या नाहीत. न्यूट्रलवर मागे यायचं नाही. आणि अर्ध्या चढावर गाडी आडवी वळवून खाली जायचा विचार करायचा नाही, कारण गाडी लांबीच्या दिशेने जितका चढ सहन करते त्याच्या किती तरी कमी ती आडवी सहन करते.

८. उतरताना ब्रेक किती वापरायचा?

कमीत कमी. जो चढ पहिल्या लोने चढलात, तो पहिल्या लोनेच उतरा. ब्रेक जोरात दाबला की ओल्या मातीवर चाकं बंद होतात आणि गाडी घसरगुंडीवरून आल्यासारखी येते. मग स्टिअरिंगचं काही चालत नाही.

एक गोष्ट नवख्यांना पटत नाही, पण खरी आहे. निसरड्या उतारावर कधी इंजिन ब्रेकिंगनेच मागची चाकं अडतात आणि गाडीचं शेपूट बाजूला सरकू लागतं. तेव्हा किंचित रेस द्यायची. चाकं पुन्हा जमिनीच्या वेगाने फिरू लागतात आणि गाडी सरळ होते. हात घाबरतो, पण पायाला हे शिकवावं लागतं.

९. चिखलात पहिला गिअर की दुसरा? काळ्या मातीत आणि भातखाचरात फरक पडतो का?

खूप पडतो. मावळातला भातखाचरांकडे जाणारा चिखल पातळ असतो, पण बऱ्याच ठिकाणी वीतभर खाली घट्ट जमीन किंवा कातळ असतो. तिथे दुसरा लो, बेताचा एकसारखा वेग, आणि टायर खालपर्यंत पोहोचू द्यायचा. स्टिअरिंग थोडं डावं-उजवं हलवत राहिलात तर टायरच्या कडा पकड शोधतात.

देशावरची काळी माती वेगळी. ती टायरच्या खाचांत भरते, टायर गुळगुळीत लाडवासारखा होतो, आणि कितीही रेस दिली तरी गाडी जागच्या जागी. अशा वेळी थोडा वेग असेल तरच टायर माती फेकून साफ होतो, म्हणून दुसरा किंवा तिसरा लो. पहिल्यात वेगच येत नाही. आणि पाऊस नुकताच पडून गेला असेल तर एक-दोन दिवस काळ्या रानात गाडी घालूच नये. तुमच्या चाकोऱ्या शेतकऱ्याच्या बांधावर वर्षभर राहतात.

१०. ओढा ओलांडताना गिअरबाबत काय काळजी घ्यायची?

आधी स्वतः चालत जा. ज्या पाण्यात तुम्हाला पाय रोवून उभं राहता येत नाही, तिथे गाडी घालायची नाही. थारसाठी सांगितलेली पाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर आहे, पण ती संथ पाण्यासाठी समजा. ओढ असलेलं पाणी त्याच्या निम्म्या खोलीतही गाडी ढकलत नेतं.

फोर लो, पहिला किंवा दुसरा गिअर, आणि हळू शिरायचं. आत गेल्यावर माणसाच्या चालीइतका वेग धरला की पुढे छोटी लाट तयार होते आणि तिच्या मागे इंजिनापाशी पाणी थोडं खाली राहतं. मध्ये क्लच दाबायचा नाही. क्लच सुटला की प्लेटांमध्ये पाणी आणि गाळ शिरायला जागा होते आणि पलीकडे जाऊन तो घसरतो. पाण्यात गाडी बंद पडली तर चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल, तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं. गाडी ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडून पाहा, मग ठरवा.

बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट: गरम एक्सल थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि एक्सल श्वास घेतल्यासारखी ओढ घेतो. ब्रीदरची, म्हणजे एक्सलला हवा घेता-सोडता यावी म्हणून असलेली, नळी तुटलेली किंवा बुडालेली असेल तर तिथून पाणी आत जातं. म्हणून खोल ओढ्याआधी पाच-दहा मिनिटं थांबा. पावसाळ्यानंतर एक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचं ऑइल तपासा. ते दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी गेलेलं आहे, लगेच बदलायचं.

११. कोकणात समुद्राच्या वाळूत गाडी चालवायची असेल तर?

किनाऱ्यावर नेऊ नका. बऱ्याच किनाऱ्यांवर गाड्यांना बंदी आहे आणि गुन्हे दाखल होतात. वेळाससारख्या गावांत ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात, ती वरून दिसत नाहीत. शिवाय भरतीचं पाणी गाडीची वाट बघत थांबत नाही, आणि खारं पाणी चेसिस आतून खातं.

नदीकाठच्या किंवा राजस्थानातल्या वाळूचा प्रश्न असेल तर: टायरची हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवा, दुसऱ्या लोने निघा, वेग तुटू देऊ नका, थांबायचं तर ब्रेक न मारता उताराकडे तोंड करून थांबा. डांबरी रस्त्यावर येण्याआधी हवा परत भरा.

१२. एक चाक हवेत उचललं गेलं की तेच फिरत राहतं आणि गाडी हलत नाही. फोर बाय फोर असूनही असं का?

साधं डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतं. हवेतल्या चाकाला फिरायला जवळपास काहीच जोर लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच मिळतो. पुढे एक आणि मागे एक चाक उचललं गेलं की चारही चाकं जोडलेली असून गाडी उभी.

गुरखामध्ये पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शियलला लॉक आहे, तो हालचाल थांबण्याआधी लावायचा आणि पलीकडे गेल्यावर काढायचा. लॉक लावून वळायला गेलात तर गाडी सरळच जायला बघते. ज्यांच्याकडे लॉक नाही त्यांनी हँडब्रेक एक-दोन खटके ओढून पाहावा. तो मागच्या चाकांवर असेल तर मोकळं फिरणारं चाक अडतं आणि दुसऱ्याला जोर मिळतो. ब्रेकवर चालणारी इलेक्ट्रॉनिक मदत असेल, तर रेस सोडू नका, एकसारखी धरा. लोक नेमकं तेव्हाच घाबरून पाय उचलतात आणि यंत्रणेला काम करायला वेळच मिळत नाही.

१३. डांबरी रस्त्यावर आल्यावर फोर हाय निघतच नाही, दांडा घट्ट बसलाय. वळताना गाडी अडखळते. काय झालं?

वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना थेट बांधलेले असतात, मधे फरक सोसणारं डिफरन्शियल नसतं. मातीत चाक थोडं घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरांत साठतो. त्या पिळामुळे दांडा अडकतो.

गाडी सरळ रेषेत दोन-तीन मीटर मागे घ्या, पीळ उलगडतो आणि दांडा आपसूक सुटतो. नाही सुटला तर रस्त्याकडेच्या मातीत थोडं नागमोडी चालवा. जोर लावून दांडा ओढू नका. आणि घाट पावसात ओला असला तरी डांबरावर फोर हाय लावून वळणं घ्यायची सवय लावून घेऊ नका.

१४. लोमध्ये उतरताना गिअर आपोआप सुटतो. हाताने धरून ठेवला तर चालेल का?

त्या दिवशी खाली पोहोचण्यापुरता चालेल, सवय म्हणून नाही. उतारावर चाकं इंजिनाला फिरवतात, गिअरांवर उलटा ताण येतो, आणि झिजलेला गिअर, सैल झालेली स्प्रिंग किंवा फाटलेलं इंजिनाचं माउंटिंग असेल तर गिअर बाहेर फेकला जातो. जुन्या जीपमध्ये लोचा दांडा असा सुटतो तेव्हा ड्रायव्हर त्याला रबरी ट्यूबचा तुकडा बांधून अडकवून ठेवतात, मी पाहिलं आहे. तसं करू नका. नेमका सुटू नये तिथेच तो सुटतो, आणि तेव्हा गाडी न्यूट्रलमध्ये असते. आधी माउंटिंग तपासून घ्या, ते सर्वांत स्वस्तात होणारं काम आहे.

दांडा लोमध्ये नुसता हलतो, थरथरतो, याची मात्र काळजी करू नका. इंजिन आणि गिअरबॉक्स ताणाखाली थोडे वळतात, त्यासोबत दांडाही. एरवी गाडी चालवताना हात दांड्यावर ठेवून बसायचं नाही, एवढं पाळा. हाताचं वजन आतल्या, गिअर सरकवणाऱ्या फोर्कवर जातं आणि तो झिजतो.

१५. हिवाळ्यात सकाळी दुसरा गिअर कडक जातो, गाडी तापली की ठीक होतो.

थंड ऑइल घट्ट असतं, सिंक्रोला गिअरचा वेग जुळवायला वेळ लागतो. पहिले दोन-तीन किलोमीटर दांडा सावकाश न्या, मध्ये न्यूट्रलला अर्धा क्षण थांबा. गाडी तापूनही कडक राहत असेल तर ऑइल पाहा. गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचं ऑइल सांगितलं असताना गॅरेजवाल्याने एक्सलचं जीएल-५ भरलेलं अनेकदा सापडतं. त्यातली काही रसायनं सिंक्रोच्या पितळी रिंगांना त्रासदायक ठरू शकतात. पुस्तिकेत लिहिलेलंच भरा.

१६. आजोबांची जुनी जीप आहे. पहिला गिअर चालत्या गाडीत टाकला की किंचाळतो. दुरुस्त होईल का?

तीन गिअरच्या सीजे-३बीसारखी जीप असेल तर हा दोष नाही, तिची रचनाच तशी आहे. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. तो थांबूनच टाकायचा, किंवा डबल क्लच करून.

डबल क्लच असा: क्लच दाबा, दुसऱ्यातून न्यूट्रलला या, क्लच सोडा. आता एक छोटी रेस द्या, म्हणजे आतले दाते वेग घेतात. पुन्हा क्लच दाबा आणि पहिला टाका. बरोबर जमलं तर दांडा लोण्यातून गेल्यासारखा जातो आणि नाही जमलं तर गाडी ओरडून सांगते. वडापच्या जीप चालवलेले जुने ड्रायव्हर हे बोलता बोलता करायचे. मला ते जमायला दोन महिने लागले. शिकून घ्या, कारण हे आलं की कुठल्याही गाडीत वरून खाली येताना तुमचे गिअर गुळगुळीत पडू लागतात. रिव्हर्सचंही असंच. बऱ्याच नव्या गाड्यांतही त्याला सिंक्रो नसतो. गाडी थांबवा, क्लच दाबून दोन सेकंद थांबा किंवा आधी एखादा पुढचा गिअर टाकून मग रिव्हर्स टाका.

१७. जिप्सीमध्ये फोर हाय टाकलं, तरी पुढची चाकं ओढत नाहीत.

पुढच्या चाकांच्या मधोमध फिरवायचे हब आहेत का, ते पाहा. बऱ्याच जिप्सींना आणि काही जुन्या जीपना ते असतात. हब फ्रीवर असेल तर आतला शाफ्ट फिरतो, चाक नाही. घरून निघतानाच दोन्ही हब लॉकवर करून घ्या. चिखलात बुडलेला हब हाताने फिरवायची वेळ येऊ देऊ नका. एक लॉक आणि एक फ्री राहिला तर काय होतं, ते प्रश्न १२ वाचलं की कळेल.

१८. उतारावर गाडी गिअरमध्ये लावून ठेवली होती, तरी घरंगळली. असं कसं?

छोटा दांडा बघा. थारसारख्या गाड्यांत फोर हाय आणि फोर लो यांच्या मध्ये न्यूट्रल असतं. दांडा अर्धवट राहून तिथे अडकला, तर मोठा दांडा कुठल्याही गिअरला असला तरी चाकं मोकळी असतात. गिअर टाकून गाडी लावल्याचं समाधान खोटं ठरतं. लो काढताना किंवा टाकताना घाई झाली की हे घडतं.

म्हणून लावताना: छोटा दांडा पूर्ण बसलाय याची खात्री, हँडब्रेक, मोठा दांडा पहिल्यात किंवा रिव्हर्समध्ये, मग ब्रेकवरून पाय हळू उचलून गाडी खरंच धरते का ते पाहणं, आणि चाकाला दगड. जुन्या विलीज पद्धतीच्या जीपमध्ये आणखी एक गोम आहे. तिचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. तो शाफ्ट तुटला किंवा काढला, तर हँडब्रेकही गेला. शाफ्टचं काम करायला खाली शिरण्याआधी चारही चाकांना दगड लावा.

१९. बॅटरी उतरली तर धक्का स्टार्ट करता येते का? आणि बंद गाडी ओढून न्यायची असेल तर दांडे कुठे ठेवायचे?

धक्का स्टार्टसाठी टू हाय आणि दुसरा गिअर. लोमध्ये प्रयत्न केला तर चाकांना इंजिन इतक्या वेगाने फिरवावं लागतं की चाकं नुसती अडतात आणि गाडी ढकलणाऱ्यांची कंबर जाते. नव्या गाड्यांत बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर धक्क्याने काही होत नाही, कारण इंधनाचं नियंत्रण विजेवर चालतं. तिथे जंपर केबलच घ्या.

ओढून नेताना बहुतेक पार्ट-टाइम गाड्यांत मोठा दांडा न्यूट्रल आणि ट्रान्सफर केसही न्यूट्रल, म्हणजे चाकांचा गिअरबॉक्सशी संबंध तुटतो. लांब अंतर असेल तर पुस्तिकेतली मर्यादा पाहा किंवा सरळ फ्लॅटबेड बोलवा. आणि दोर सोडण्याआधी हँडब्रेक लावून चाकांना दगड लावा, कारण दोन्ही दांडे न्यूट्रल असलेली गाडी कशालाच धरून नसते.